आपत्तीनंतरची सरकारी मदत अडते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपत्तीनंतर मदत जाहीर होते आणि ती हातात पडते, यांच्या मध्ये अनेकदा महिने जातात. कधीकधी वर्षंही जातात. ‘सरकारकडे पैसा नाही’ असं आपण चटकन म्हणतो. पण एकेका आपत्तीच्या तारखा लावून पाहिल्या तर वेगळंच दिसतं. बऱ्याच ठिकाणी पैसा होता, नियमही होते, आणि फाईल कुणाच्या तरी निर्णयासाठी थांबली होती. हे प्रश्न त्या थांबण्याबद्दलचे आहेत.

नुकसान डोळ्यांसमोर असताना इतका वेळ नेमका जातो कुठे?

आधी सरकारला आपत्ती झाल्याचं अधिकृतपणे मान्य करावं लागतं. मग पंचनामे होतात, वरच्या सरकारकडे मागणी जाते, तिथून मंजुरी येते आणि त्यानंतर वाटप सुरू होतं. देश कुठलाही असो, थोड्याफार फरकानं रस्ता हाच.

यातल्या पंचनाम्यांना लागणारा वेळ समजण्यासारखा आहे. पाणी उतरल्याशिवाय शेतात पाय ठेवता येत नाही, दरड कोसळलेल्या गावात अधिकारी दुसऱ्या दिवशी पोहोचू शकत नाहीत. बाकीच्या टप्प्यांवर मात्र काम कागदाचं असतं आणि निर्णय खुर्चीवरच्या माणसाचा. तो किती दिवसांत घ्यायचा याचं बंधन अनेक ठिकाणी नसतं. जिथे असतं तिथे ते मोडल्यावर कुणाला जाब द्यावा लागत नाही. राजकारणाला जागा मिळते ती इथेच.

उशीर राजकीय आहे की नुसता कारभारातला, हे ओळखायचं कसं?

माझ्या मते दोन खुणा उपयोगी पडतात. एक म्हणजे तुलना: तीच यंत्रणा, तेच कायदे, जवळपास त्याच आकाराची आपत्ती, तरी एकदा पैसा दहा दिवसांत निघतो आणि एकदा तीन महिन्यांत. अशा वेळी कारण यंत्रणेच्या बाहेर शोधावं लागतं.

दुसरी खूण, फाईल शेवटी कशामुळे हलली. नवा अहवाल आला, नवी मोजणी झाली आणि मग मंजुरी मिळाली, तर उशीर कामाचा होता असं मानता येईल. पण हाती नवीन काहीच आलेलं नसताना न्यायालयानं विचारणा केल्यावर, एखाद्या मुख्यमंत्र्यानं जाहीरपणे संताप व्यक्त केल्यावर किंवा मतदानाची तारीख जवळ आल्यावर फाईल सुटली, तर माहिती अपुरी असल्याची सबब खरी नव्हती.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही असं होतं का?

होतं, आणि तिथल्या नोंदी उघड असल्यानं ते दिवसागणिक दाखवता येतं. कॅट्रिना चक्रीवादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं. २ सप्टेंबरला १०.५ अब्ज डॉलर आणि ८ सप्टेंबरला आणखी ५१.८ अब्ज डॉलर मंजूर झाले. म्हणजे दहा दिवसांत ६२ अब्ज डॉलरहून अधिक. (मंजुरी झटपट झाली म्हणून पुढचं काम चांगलं झालं असं नाही. कॅट्रिनानंतरची बचाव आणि पुनर्वसनाची हेळसांड जगानं पाहिली.)

सँडी चक्रीवादळ २९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं. सिनेटनं डिसेंबरअखेर ६०.४ अब्ज डॉलरचं विधेयक मंजूर केलं. प्रतिनिधिगृहानं मात्र १ जानेवारी २०१३ च्या रात्री त्यावर मतदान न घेताच अधिवेशनाचं काम आटोपलं. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर रिपब्लिकन आणि न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टीही रिपब्लिकन, तरी दुसऱ्या दिवशी ख्रिस्टींनी पत्रकार परिषदेत आपल्याच पक्षाच्या सभापतींवर तोफ डागली. त्यानंतर चक्रं फिरली. मुख्य निधीवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली २९ जानेवारी २०१३ रोजी, वादळानंतर बरोबर तीन महिन्यांनी.

तेव्हा विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? त्यात काहीच तथ्य नव्हतं का?

तथ्य होतं. मदतीच्या विधेयकात वादळाशी संबंध नसलेल्या तरतुदी घुसवल्या होत्या, उदाहरणार्थ दूरच्या अलास्कातल्या मासेमारीसाठीची रक्कम. शिवाय नव्या खर्चाइतकी कपात दुसरीकडे करा, अशी काहींची मागणी होती. दोन्ही मुद्द्यांवर संसदेत वाद व्हायलाच हवा.

प्रश्न असा की तो वाद छप्पर उडालेल्या कुटुंबाला ताटकळत ठेवून का करायचा? तातडीची मदत वेगळी काढून आधी मंजूर करता येते आणि बाकीच्या तरतुदींवर सावकाश भांडता येतं. सँडीच्या वेळीही पूरविम्याचे दावे भागवण्यासाठी ९.७ अब्ज डॉलरची सोय ४ जानेवारीला अशीच वेगळी काढून केली गेली. म्हणजे मार्ग माहीत होता, तो आधीच धरता आला असता. मदतीच्या विधेयकाला नाही म्हणणं कुणालाही जड जातं, म्हणून त्यावर आपापली ओझी लादली जातात. मग त्या ओझ्यांचं कारण देऊन विधेयकच अडवलं जातं. दोन्ही बाजूंना आपलं साधायचं असतं आणि वाट पाहणारा तिसराच असतो.

एकदा पैसा मंजूर झाला की उशीर संपतो ना?

इथेच पुष्कळांची फसगत होते. पोर्तो रिकोचं उदाहरण घ्या. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळानं हे अमेरिकी बेट उद्ध्वस्त केलं. अमेरिकी संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, पुनर्उभारणीसाठी पैसा मंजूरही केला. पण तो खर्च कसा करायचा याचे नियम गृहनिर्माण खात्यानं प्रसिद्ध करायचे होते आणि त्यासाठी घालून दिलेली ४ सप्टेंबर २०१९ ची मुदत खात्यानं पाळली नाही. त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी एप्रिल २०२१ च्या अहवालात नोंदवलं की व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं मंजुरीची जादा पायरी घातल्यानं अडथळे वाढले. हा पैसा होता सुमारे २० अब्ज डॉलर.

पोर्तो रिकोचे रहिवासी अमेरिकी नागरिक आहेत, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही, आणि काँग्रेसमधल्या त्यांच्या एकुलत्या एक प्रतिनिधीला विधेयकावर अंतिम मतदान करता येत नाही. कुणाची फाईल जास्त दिवस पडून राहू शकते, हे समजायला एवढी माहिती पुरेशी आहे.

भारतात केंद्र आणि राज्य यांच्यात वाद नेमका कशावरून होतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्याखाली दोन कोष आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद कोषात केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो, ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांसाठी ९० टक्के. हा पैसा वित्त आयोगाच्या सूत्रानुसार ठरतो आणि वर्षाला दोन हप्त्यांत येतो. यात फारशी ओढाताण होत नाही, कारण रक्कम आधीच ठरलेली असते.

ओढाताण होते ती राष्ट्रीय कोषावरून. आपत्ती ‘तीव्र स्वरूपाची’ असेल आणि राज्याचा कोष अपुरा पडत असेल तर राज्य निवेदन पाठवतं, केंद्राचं आंतरमंत्रालयीन पथक पाहणी करतं, त्याचा अहवाल समितीकडे जातो आणि शेवटी केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती रक्कम ठरवते. राज्यात एक पक्ष आणि केंद्रात दुसरा असेल तर या प्रवासातला प्रत्येक आठवडा संशयाचा होतो.

शिवाय आकड्यांची भाषाच वेगळी असते. राज्य मागणी करतं एकूण नुकसानीच्या हिशेबानं. केंद्राचे निकष मात्र तात्काळ दिलाशाचे आहेत, नुकसानभरपाईचे नाहीत. म्हणून मागणी आणि मंजुरी यांत कित्येक पटींचं अंतर पडतं. मग ‘तोंडाला पानं पुसली’ आणि ‘मागणीच फुगवली’ असे आरोप एकाच वेळी होतात, आणि निकष काय आहेत हे गावातल्या माणसाला कुणीच सांगत नाही.

एखादं ठळक उदाहरण?

कर्नाटकातला २०२३ चा दुष्काळ. सप्टेंबरमध्ये राज्यानं निवेदन दिलं, ऑक्टोबरमध्ये केंद्राचं पथक पाहणी करून गेलं. नियमपुस्तिकेनुसार पथकाचा अहवाल मिळाल्यावर महिन्याभरात निर्णय व्हायला हवा, असा राज्याचा दावा होता. निर्णय आला नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेही मूलभूत हक्कांच्या संरक्षणासाठी असलेल्या कलम ३२ खाली. एप्रिलच्या सुनावणीत न्यायालयानं केंद्र आणि राज्यात अशी स्पर्धा नको म्हणून सुनावलं. महिनाअखेर सुमारे ३,४५४ कोटी रुपये सुटले. राज्याची मागणी १८,१७१ कोटींची होती.

रक्कम योग्य होती की नाही यावर वाद होऊ शकतो. वेळेबद्दल मला वाद घालण्याजोगं काही दिसत नाही. खरिपात पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याचा निर्णय पुढचा खरीप तोंडावर आला तेव्हा झाला.

‘राष्ट्रीय आपत्ती’ जाहीर करा, अशी मागणी नेहमी होते. त्यानं पैसा लवकर मिळतो का?

सध्याच्या नियमांत अशी कुठली घोषणाच नाही. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरडी कोसळल्यानंतर हीच मागणी झाली, तेव्हा केंद्रानं अशी तरतूद नसल्याचं केरळला कळवलं. ‘तीव्र स्वरूपाची आपत्ती’ असा दर्जा मिळाला तो डिसेंबरमध्ये. नियमात आहे तो हाच दर्जा, आणि तो पाच महिन्यांनी का मिळावा, हा खरा प्रश्न होता. नसलेल्या घोषणेवरून गदारोळ झाला की असलेल्या तरतुदीचा जाब विचारायचा राहून जातो.

दुष्काळ जाहीर करायला सरकारं का कचरतात?

वादळ आलं की नाही यावर कुणी वाद घालत नाही. दुष्काळ मात्र सरकारनं म्हटल्याशिवाय कागदावर येत नाही. तो जाहीर केला की जबाबदाऱ्या अंगावर येतात: वसुलीला स्थगिती, रोजगार, चारा, पाणी, आणि ‘आमच्या राज्यात सगळं आलबेल आहे’ हा दावाही सोडावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना बिहार, गुजरात आणि हरियाणाच्या टाळाटाळीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दुष्काळ नियमपुस्तिकेनं पाऊस, पिकाची स्थिती, जमिनीतला ओलावा अशा मोजता येणाऱ्या निर्देशांकांवर भर दिला आणि खरिपासाठी ३० ऑक्टोबर ही मुदत सुचवली. दिशा योग्य आहे. निर्देशांक मात्र इतके कडक ठेवले गेले की खऱ्या झळा सोसणारे तालुके यादीबाहेर राहतात, अशी तक्रार राज्यं सातत्यानं करत आली आहेत.

निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे मदत थांबते, हे खरं का?

नाही. प्रचलित दरानं थेट बाधितांना मदत देता येते, निवडणूक आयोगाला कळवलं की झालं. दर बदलायचे असतील तर आयोगाची परवानगी लागते. ‘आचारसंहितेमुळे हात बांधलेत’ असं कुणी म्हटलं तर परवानगीचं पत्र कोणत्या तारखेला पाठवलं, एवढंच विचारा.

मध्येच सरकार बदललं तर काय होतं?

नेपाळनं हे भोगलं आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली आणि लाखो घरं पडली. जूनमध्ये काठमांडूत झालेल्या परिषदेत देणगीदारांनी चार अब्ज डॉलरहून अधिक मदतीची आश्वासनं दिली. ती खर्च करायला पुनर्निर्माण प्राधिकरण हवं होतं. ते अध्यादेशानं उभं राहिलं, ऑगस्टमध्ये प्रमुखही नेमला गेला. पण अध्यादेशाचं वेळेत कायद्यात रूपांतर झालं नाही आणि प्राधिकरण बारगळलं. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली, ऑक्टोबरमध्ये सुशील कोइराला यांच्या जागी के. पी. ओली पंतप्रधान झाले, भारताच्या सीमेवर मालवाहतुकीची कोंडी सुरू झाली आणि प्राधिकरणाच्या प्रमुखपदी कोणाचा माणूस बसवायचा यावरून पक्षांत ओढाताण चालू राहिली. कायदा आणि नवा प्रमुख दोन्ही मिळायला डिसेंबर उजाडला. घरबांधणीच्या पहिल्या हप्त्याचं वाटप सुरू झालं ते मार्च २०१६ मध्ये. मधला अख्खा हिवाळा डोंगरातल्या लोकांनी पत्र्याच्या आडोशाखाली काढला. पैशाची आश्वासनं तोवर मिळालेलीच होती.

परदेशातून जाहीर झालेले आकडे कितपत खरे धरायचे?

जपून. पाकिस्तानातल्या २०२२ च्या महापुरानंतर जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हा इथे नऊ अब्ज डॉलरहून अधिक आश्वासनं मिळाली. त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपातला होता. बातमीत अनुदान आणि कर्ज दोन्ही ‘मदत’ म्हणूनच येतात.

विरोधी पक्षाच्या भागाला खरंच कमी मिळतं का, की तो नुसता आरोप आहे?

अमेरिकेत यावर बराच अभ्यास झाला आहे. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानं आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे ठेवला. अँड्र्यू रीव्ह्ज यांच्या २०११ च्या अभ्यासात असं दिसलं की निवडणुकीत चुरस असलेल्या राज्यांना अशा घोषणा जास्त मिळतात. म्हणजे हक्काची मतपेटी आणि आशा सोडलेली मतपेटी, दोन्ही मागे पडतात.

भारताबद्दल टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००२ मध्ये दाखवलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या राज्यांत वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथली सरकारं पीक बुडाल्यावर आणि पूर आल्यावर अधिक मदत देतात. आणि हा परिणाम प्रामुख्यानं स्थानिक भाषांतल्या वर्तमानपत्रांमुळे दिसतो. तालुक्याच्या बातमीदारानं आतल्या पानावर दिलेली ‘पंचनामे रखडले’ ही चार ओळींची बातमी वाया जात नाही.

आधीच तयारी का करत नाहीत?

कारण तयारीला मतं मिळत नाहीत. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून मांडलं की मतदार मदतवाटपाचं बक्षीस देतात, तयारीवरच्या खर्चाचं देत नाहीत. त्यांच्याच अंदाजानं तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. न आलेल्या पुराचा फोटो निघत नाही, धनादेश देतानाचा निघतो.

घाईनं पैसे वाटले तर भ्रष्टाचार होईल ना?

होऊ शकतो, आणि ही भीती खोटी नाही. बोगस लाभार्थी, एकाच घराचे दोन पंचनामे, न पडलेल्या भिंतीचे फोटो, हे सगळं घडतं. पण त्यावर दोन टप्प्यांची वाट काढता येते: जगण्यापुरती पहिली रक्कम ठोकळमानानं लगेच द्यायची, घरबांधणीची मोठी रक्कम तपासणीनंतर हप्त्यांनी. चुकून जास्त गेलेले पैसे वसूल करता येतात. उशिरामुळे विकलेली जनावरं परत मिळत नाहीत.

पैसे शेवटी मिळतातच, मग उशिरानं इतकं काय बिघडतं?

पेरणीच्या आधी मिळालेले पैसे बियाणं होतात, पेरणीनंतर मिळालेले व्याज फेडण्यात जातात. मधल्या काळात कुटुंब कुणाकडून तरी उसने घेतं, आणि अडलेल्याला मिळणारं कर्ज सर्वांत महाग असतं. मुलगी शाळेतून काढली जाते. कर्ता माणूस कामासाठी शहर गाठतो आणि गावात पंचनाम्याच्या वेळी हजर नसल्यानं यादीतून सुटतो. छोटं दुकान तीन महिने बंद राहिलं की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, ते मदत आल्यावर परत येत नाही. सरकारी हिशेबात दोन्ही वेळची रक्कम सारखीच दिसते. ही तूट फक्त त्या घरालाच कळते.

यावर चाललेला एखादा उपाय जगात आहे का?

आहे, आणि त्याचा गाभा साधा आहे: निर्णय आपत्तीच्या आधी घेऊन ठेवायचा. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एक सामाईक विमा कोष उभारला. वाऱ्याचा वेग किंवा भूकंपाची तीव्रता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की नुकसानीचे पंचनामे न होताच १४ दिवसांच्या आत सरकारला रक्कम मिळते. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीला असेच पाऊण कोटीहून अधिक डॉलर मिळाले. गरजेपुढे ते किरकोळ होते, पण सुरुवातीच्या काळातच हाती आले. फिलिपाइन्समध्ये २०१० च्या कायद्यानं स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचा किमान पाच टक्के भाग आपत्तीसाठी राखायचा आणि त्यातला ३० टक्के तातडीच्या मदतीसाठी, असं बंधन घातलं. वरून पैसा येण्याची वाट पाहावी लागू नये, हा हेतू.

यंत्रावर सोपवलेला निर्णयही चुकतो. मलावीत २०१५-१६ च्या दुष्काळात आफ्रिकी विमा योजनेच्या संगणकीय प्रारूपानं नुकसान कमी दाखवलं, कारण शेतकरी ज्या जातीचा मका पेरत होते त्याऐवजी दुसरीच जात गृहीत धरली होती. चूक सुधारून ८० लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम मिळाली, पण उशिरानं. तेव्हा अशा सूत्राला आव्हान देण्याची सोय आणि त्या आव्हानालाही मुदत हवी.

आणि चांगली व्यवस्था मोडताही येते. मेक्सिकोनं १९९६ मध्ये आपत्तीसाठी कायमस्वरूपी कोष स्थापन केला होता. अपारदर्शक कारभाराचं कारण देत २०२० मध्ये तो इतर शंभराहून अधिक निधींसोबत बंद करण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस चक्रीवादळानं अकापुल्को शहर झोडपलं, तेव्हा मदत दिली गेली, पण किती, कुणाला आणि कधी हे त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहिलं.

सामान्य माणसानं नेमकं काय विचारावं?

आकड्यापेक्षा तारखा विचारा. निवेदन कधी पाठवलं, पथक कधी आलं, त्याचा अहवाल कधी सादर झाला, समितीची बैठक कधी झाली, शासन निर्णय कधी निघाला, पैसा जिल्ह्याला कधी मिळाला. आकडा विचारायचाच तर तो जाहीर केलेला आहे, मंजूर आहे, वितरित आहे की खात्यात जमा झालेला, हे आधी विचारा. या चार आकड्यांत मोठी तफावत असू शकते आणि भाषणात नेहमी पहिलाच येतो.

भारतात ही माहिती माहिती अधिकाराच्या अर्जानं मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. गावानं एकत्र बसून एकच अर्ज करावा, वरच्या सगळ्या तारखा त्यात ओळीनं मागाव्यात आणि उत्तर आलं की त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ज्या दोन तारखांमध्ये सर्वांत मोठं अंतर असेल, त्या टप्प्यावरच्या कार्यालयाकडे पुढचा अर्ज करावा.